बक्षीस भाजीला, राखण रानाची

कडूकंद नावाप्रमाणेच कडू. रानातून खणून आणला आणि बटाट्यासारखा शिजवला, तर पहिल्या घासालाच तोंड वाकडं होतं आणि हट्टाने खाल्लाच तर पोटाचं काही खरं नसतं. तो खाण्याजोगा करायचा तर आधी उकडायचा, सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, त्या टोपलीत भरायच्या आणि टोपली रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. काही घरांत उकडताना चुलीतली राख घालतात. सकाळी एक चकती जिभेवर ठेवून बघायची. कडवटपणा उरला असेल तर पुन्हा ओढा.

ही कृती धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या बायकांच्या हातात आहे. तिच्यातली महत्त्वाची वस्तू मात्र स्वयंपाकघरात मिळत नाही. वाहता ओढा लागतो. साठवलेल्या पाण्यात चकत्या ठेवल्या तर पाणी बदलत बसावं लागतं, आणि जिथे पिण्याचा हंडा कोसभरावरून आणायचा तिथे कंद धुवायला कोण पाणी घालवणार? ओढा आटला की पाककृतीही आटते.

याच तालुक्यातल्या पिंपळनेरच्या पश्चिमेला, गुजरातच्या हद्दीजवळ वसलेल्या बारीपाड्यात २००४ पासून जी वनभाजी पाककला स्पर्धा भरते, तिचं मर्म या ओढ्यात आहे. वरवर पाहता ती बायकांची स्वयंपाकाची स्पर्धा. पावसाळा सरता सरता गावात मांडव पडतो, बारीपाड्याच्या आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बाया आपापली भाजी घेऊन येतात, परीक्षक चव घेतात, नंबर काढतात. पण शिजवलेल्या भाजीशेजारी ती वनस्पतीही मांडलेली असते: पान, फूल, कंद, जे असेल ते. ती कुठे उगवते, कधी खुडायची, कुठल्या दुखण्यावर चालते, हे करणारीने सांगायचं. बाजारातून आणलेली जुडी इथे चालत नाही. भाग घ्यायचा तर रानात जावं लागतं, आणि रानात जायचं तर रान असावं लागतं. स्पर्धेच्या प्रवेशिकेवर कुणी ही अट छापलेली नाही. ती आपोआप लागू होते.

पुरस्कारांच्या आणि महोत्सवांच्या या हंगामी राज्यात ही एक गोष्ट नीट न्याहाळण्यासारखी आहे. निसर्ग जपणाऱ्यांचा सत्कार आपण हौसेने करतो. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, हार आणि त्यामागे पंधरा फुटी फ्लेक्स. पण त्या सत्कारामुळे एक तरी झाड वाचलं का, एखादा बांध टिकला का, हा प्रश्न आभारप्रदर्शनाच्या गडबडीत राहून जातो. बारीपाड्याच्या स्पर्धेला तो प्रश्न विचारायची गरजच पडत नाही. उत्तर पानावर वाढलेलं असतं.

बारीपाड्याला हे शहाणपण वरदान म्हणून मिळालेलं नाही. १९९०च्या आसपासचं हे गाव आजच्या पाहुण्यांनी ओळखलं नसतं. डोंगर बोडके झाले होते, बायकांचा दिवस पाण्यामागे जात होता, रोजगार नव्हता. लाकूड तोडून विकणं आणि मोहाची दारू गाळणं हेच उत्पन्नाचं साधन. वनवासी कल्याण आश्रमाच्या वार्सा येथील केंद्रात काम करणारे डॉ. आनंद फाटक या भागात फिरत होते. त्यांच्या सहवासात आलेला गावातलाच एक तरुण, एम.कॉम. झालेला चैत्राम पवार, नोकरीच्या मागे न लागता गावात थांबला. थांबला हे क्रियापद लिहायला सोपं आहे. खानदेशातल्या एखाद्या घरात पदव्युत्तर शिकलेला मुलगा घरी बसतो म्हणाला तर काय ऐकावं लागतं, हे ज्याचं त्याला माहीत.

पुढची कहाणी अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. गावाने जंगल राखायचं ठरवलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि दारूबंदी हे नियम गावाने स्वतः केले आणि मोडणाऱ्याला दंडही गावानेच लावला. चोरी पकडून देणाऱ्याला बक्षीस ठेवलं. राखणीला माणसं नेमली. श्रमदानातून नाल्यांवर दगडी बांध घातले, उतारावर चर खणले. जवळपास ११०० एकर जंगल उभं राहिलं. विहिरींना पाणी आलं. ज्या गावाच्या बायका पाण्यासाठी वणवण करत होत्या, त्या गावाने शेजारच्या गावांना पाणी पुरवलं. भाताचं उत्पन्न वाढलं, गुऱ्हाळं चालू झाली, या डोंगरात स्ट्रॉबेरीसुद्धा लावून पाहिली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या पुरस्काराने गावाचं नाव बँकॉकपर्यंत पोचलं.

त्या दंडाबक्षिसाच्या नियमाकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं. चोरी पकडून देणाऱ्याला बक्षीस, हा बारीपाड्याचा पहिला पुरस्कार. व्यासपीठ नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. ज्याने सांगितलं त्याच्या हातात पैसे आणि तोडणाऱ्याच्या खिशातून दंड. गाव लहान, सगळे एकमेकांचे सोयरे. तक्रार करणाऱ्याला आणि दंड भरणाऱ्याला उद्या एकाच लग्नात शेजारी जेवायला बसायचं असतं. अशा ठिकाणी दंड वसूल होतो याचा अर्थ तो गावाने मनापासून मान्य केलेला असतो. बाहेरून आलेल्या गार्डाने पावती फाडणं निराळं आणि चुलत्याने पुतण्याला दंड लावणं निराळं. बाहेरच्या सन्मानचिन्हांना बारीपाड्यात काही अर्थ आला तो या घरच्या हिशेबानंतर.

मग २००४ मध्ये भाज्यांची स्पर्धा आली. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात संशोधन करणारे शैलेश शुक्ल या भागातल्या वनस्पतींच्या ज्ञानाचा अभ्यास करत होते. रानातलं कुठलं पान खायचं आणि कुठलं टाकायचं हे ज्ञान बायकांकडे आहे, ते लिहिलेलं नाही, आणि नव्या पोरींना त्याची लाज वाटू लागली आहे, हे त्यांना दिसत होतं. प्रश्नावल्या भरून ज्ञान कागदावर आलं असतं. पोरींच्या हातात आलं नसतं. त्यातून स्पर्धेची कल्पना निघाली आणि चैत्राम पवारांसह गावाने ती उचलली. संशोधकाचा प्रकल्प संपला की असे उपक्रम सहसा त्याच्याबरोबरच परत जातात. हा गेला नाही. गावाने आपला सण मानून तो चालू ठेवला.

लाज हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. रानभाजी हे आदिवासी पट्ट्यात बरीच वर्षं गरिबीचं अन्न समजलं गेलं. आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला डब्यात टाकळा नको, बटाटा हवा. पाहुणा आला की दुकानातून कोबी आणायचा, कुर्डू लपवायचा. ज्या वनस्पतीची लाज वाटते ती उपटताना हात थांबत नाही. बांधावरच्या कुर्डूवर, केण्यावर तणनाशक मारताना आपण भाजी मारतो आहोत हे शेतकऱ्याच्या मनातही येत नाही, कारण त्याच्या लेखी ते तण असतं. आई जेव्हा तीच कुर्डूची भाजी मांडवात मांडते, आणि धुळ्या-नाशकाहून आलेली माणसं तिला रेसिपी विचारतात, वहीत नाव लिहून घेतात, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यात काहीतरी हलतं. शंभर व्याख्यानांनी ते हललं नसतं.

आणि काय काय भाज्या! करटोली सगळ्यांना ठाऊक, ती आता शहरातही महागात विकली जाते. पण तिचे नर-मादी वेल वेगळे असतात आणि वेल जमिनीतल्या कंदावर वर्षानुवर्षं जगतो; कंद उपटला की त्या जागची करटोली कायमची गेली, हे गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक असतं? चाईच्या वेलाचा मोहोर खुडून त्याची भाजी करतात. फोडशीची कोवळी पाती पहिल्या पावसाबरोबर येतात. बांबूचे कोंब तर डोळ्यांत तेल घालून खुडायचे, कारण खुडलेला प्रत्येक कोंब म्हणजे न झालेला बांबू. शेवळ घशाला खाजते, म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळं किंवा चिंच घालतात. निसर्गाची गंमत अशी की शेवळ उगवते त्याच सुमाराला काकडाची फळं झाडावर असतात. ही जोडी ज्या बाईला माहीत तिला दोन्ही झाडं जगवावी लागतात. शेवळीच्या भाजीसाठी काकड राखायचा, हे कुठल्याही वनव्यवस्थापन आराखड्यात लिहिलेलं नसतं.

सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात पावसाळ्यातली पहिली कोवळी भाजी देवाला दाखवल्याखेरीज खायची नाही, असा रिवाज आहे. देव जेवला की मग माणसं. तोवर आठ-पंधरा दिवस निघून जातात आणि पहिल्या सरीत डोकं वर काढलेल्या कोंबाला मूळ धरायला सवड मिळते. रिवाज पाडणाऱ्यांनी हा हिशेब केला होता की नाही कोण जाणे. परिणाम तरी हाच.

आता पुरस्कारांकडे. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच यादीत अरण्यवाचनात आयुष्य घालवलेले मारुती चितमपल्लीही होते. महाराष्ट्रातल्या रानाची दोन माणसं एकाच वर्षी, हा योग मोठा छान. राज्य सरकारचा पहिला ‘महाराष्ट्र वनभूषण’ पुरस्कारही पवारांनाच मिळाला. साक्री तालुक्याला आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पिंपळनेरच्या चौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लागावेत यातही वावगं काही नाही. मात्र फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी कितीजणांनी बारीपाड्याचं जंगल चालून पाहिलं आहे, एवढं ज्याने त्याने आपल्याशी विचारावं. पुरस्कार एका माणसाच्या नावाने येतो. राखण मात्र गावाने केली, पाळीपाळीने, पावसात, रात्री. पद्म पुरस्काराची तऱ्हाच तशी आहे, ती बदलता येणार नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हाही त्यांच्या बियाण्यांच्या मडक्यांमागे अनेक बायकांचे हात होते. व्यक्तीला दिलेला सन्मान गावाला दाखवता येतो. पण त्यातून गावाची शिस्त तयार होत नाही. शिस्त आधी असावी लागते.

सरकारी उत्सवांचं गणित तर याहून उलटं. कृषी विभागाने २०२० पासून ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव सुरू केले. हेतू चांगला. आदिवासी बायकांना बाजार मिळाला, शहरी माणसाला टाकळा आणि आघाडा यांतला फरक कळला. पण सभागृहात टेबलं मांडून भरणाऱ्या या महोत्सवात यश मोजतात ते विक्रीवर. जितक्या जुड्या खपल्या तितका महोत्सव यशस्वी. म्हणजे रानातून जितकं जास्त बाहेर आलं तितकं कौतुक! सफेद मुसळीला औषधी बाजारात भाव आला तेव्हा जंगलातली मुसळी कशी खणून काढली गेली, हे विसरायला फार वर्षं झालेली नाहीत. बारीपाड्यात पाहुणा रानाकडे येतो, भाजी तिथेच खातो आणि रिकाम्या हाताने परततो. महोत्सवात रान पाहुण्याकडे येतं, पिशवीत भरून. हा फरक लहान नाही.

झाडं लावण्याच्या मोहिमांबद्दल तर बोलायची सोय उरलेली नाही. राज्यात २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचं लक्ष्य होतं. पुढे यातली जगली किती याची चौकशी करायला विधानसभेला समिती नेमावी लागली. गावोगावी विनोद एकच: खड्डा तोच, रोप नवं, पाहुणे नवे. बारीपाड्याने बहुतांश जंगल लावलेलंच नाही. राखलं. साग-सादड्याचे खुंट जमिनीत जिवंत होते, गुरं आणि कुऱ्हाड थांबली तसे ते फुटले. राखण्याचा फोटो काढता येत नाही, ही तिची अडचण आहे. रोप हातात धरून हसता येतं. न तोडलेल्या झाडाशेजारी उभं राहून कोण हसणार?

स्पर्धेने गाव हलतं हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिलं आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात बक्षिसासाठी गावांनी रात्री जागून रस्ते झाडले. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं आणि २०१९ पर्यंत ती ७६ तालुक्यांत पोचली. खानदेशातही उन्हाच्या कहारात माणसं टिकाव-फावडं घेऊन डोंगरावर चढली. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारे दोन गट एका चरात घाम गाळताना दिसले, हे त्या स्पर्धेचं खरं देणं. पण पंचेचाळीस दिवसांत खणलेला चर पुढच्या तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो, तो उपसायला कप नसतो. खुद्द आयोजकांनाही हे जाणवलं असावं. २०२० मध्ये त्यांनी वॉटर कपच्या जागी अधिक लांब मुदतीची समृद्ध गाव स्पर्धा आणली आणि तिच्यात गवत व जंगल राखण्यालाही गुण ठेवले. धावण्याची शर्यत सोडून त्यांनी गावाला चालायला लावलं, हे बरं केलं.

बक्षिसाशिवायही माणसं जमीन-पाणी सांभाळतात, याचा दाखला शोधायला पिंपळनेरकरांनी गावाबाहेरही जायला नको. पांझरेच्या काठाला उभं राहिलं की पुरे. या नदीवरचे जुने बंधारे आणि त्यांच्या पाण्यावर भिजणारे शेतांचे फड शेकडो वर्षांचे. एका फडात एका हंगामाला एकच पीक, फेरपालट ठरलेली, पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, वाद मिटवायला पंच. दरवर्षी पाट साफ करायला ज्याची त्याची हजेरी. आपल्या वाट्याचं पाणी वरच्या शेतकऱ्याच्या शहाणपणावर अवलंबून आहे हे खालच्याला माहीत होतं, आणि खालचा ओरडला तर पंच येतील हे वरच्याला. धरणं आली, विहिरी आल्या, मोटारी बसल्या तसा फड विस्कटत गेला. मोटार असलेल्याला पंचांची गरज काय? तरीही पांझराकाठच्या म्हाताऱ्या माणसांना फडाचे नियम तोंडपाठ आहेत. खानदेशात अलीकडचीही उदाहरणं आहेत. धुळे तालुक्यातल्या लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकरांच्या पुढाकाराने गावाने डोंगर चराईला बंद केला आणि कुरण परत आणलं. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून पाणी मुरवलं. तिथल्या यंत्रांच्या वापरावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत आणि ते असावेत. पण दुष्काळी म्हणून हिणवलेल्या धुळे जिल्ह्याने तीन वेगळ्या वाटा दाखवल्या, ही गोष्ट वादापलीकडची.

मग पिंपळनेरने काय करावं?

हे गाव नुसतं बाजारपेठेचं नाही. इंग्रजी अमदानीत पिंपळनेर हा तालुका होता. डोंगरातल्या पाड्यांचा माणूस आजही कांदा विकायला, बी-बियाणं घ्यायला, दवाखान्याला इथेच उतरतो. खंडोजी महाराजांचा नामसप्ताह आणि यात्रा गाव वर्गणी काढून करतं. कोणाच्या घरी पंगत, कोणाकडे भजनी मंडळ, हे न सांगता ठरतं. कानबाईला रोट केले की भावकी एकत्र बसते. म्हणजे सामुदायिक कार्यक्रम कसा करायचा, हे इथल्या लोकांना बाहेरच्याने शिकवायला नको. त्यात रानाला जागा करायची एवढंच.

बारीपाड्याची नक्कल करून पिंपळनेरच्या मंगल कार्यालयात रानभाजी स्पर्धा भरवण्यात मात्र अर्थ नाही. तिथे एक बाई बाजारातून करटोली आणून सजवलेल्या ताटात मांडील आणि पहिला नंबर काढील. दोष तिचा नसेल. स्पर्धा ठेवायची ती गावांची. पश्चिम पट्ट्यातल्या प्रत्येक गावाने आपल्या शिवारात, आपल्या बांधांवर, आपल्या राखीव रानात मिळणाऱ्या भाज्यांची यादी करावी आणि त्या दाखवाव्यात. बाहेरून आणलेलं एकही पान नको. परीक्षक म्हणून दोन म्हाताऱ्या बायका शेजारच्या गावातून आणाव्यात. कुठली भाजी कुठल्या डोंगरावरची हे त्यांना पानाच्या रंगावरून कळतं. त्यांना फसवणं सोपं नाही. शाळेच्या पोरांनी नावं लिहून घ्यावीत, कोकणी, भिल्ली आणि अहिराणीत जी असतील ती. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक ठिकाणी ती ठेकेदाराने एकसारखी छापून कपाटात ठेवली आहे. या यादीने तिच्यात जीव येईल.

पण कळीचा भाग दुसऱ्या वर्षी. तीच यादी पुन्हा वाचायची. गेल्या वर्षी दाखवलेली शेवळ यंदा का नाही? जाळ लागला? बांधावर तणनाशक मारलं? की कुणीतरी नाशिकच्या व्यापाऱ्याला पोत्याने विकली? उत्तर गावाने चारचौघांत द्यावं. बक्षिसाची रक्कम पहिल्या वर्षी थोडी, तिसऱ्या वर्षी मोठी. यादीतली नावं टिकली तर. असं केलं तर भाजी खुडणाऱ्या बाईला आणि जाळ लावणाऱ्या पोराला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल, आणि तो प्रश्न विचारणारे त्यांचेच गाववाले असतील.

यावर आक्षेप येईल की पोट भरल्यावरच हे सुचतं. हाताला काम नाही, पोरं ऊसतोडीला जातात, वनहक्काचे दावे कार्यालयात पडून आहेत, आणि तुम्ही भाज्या मोजता? आक्षेप खरा आहे. वनहक्क कायदा २००६चा. सामूहिक हक्क ज्या गावाच्या नावावर नाही त्या गावाने जंगल कोणत्या अधिकाराने राखायचं, हा प्रश्न स्पर्धेने सुटणार नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला तेव्हा त्यामागे अनेक वर्षांची ग्रामसभा होती, आणि पुढे बांबूच्या उत्पन्नाने गावाच्या राखणीला बळ दिलं. साक्रीतही हक्काचा कागद आणि राखणीची सवय एकमेकांना धरूनच चालतील. मात्र सवय आधी लागू शकते, हे बारीपाड्याने करून दाखवलं. आणि भाजी ही भुकेच्या दिवसांची गोष्ट आहे, हे आक्षेप घेणाऱ्यानेही विसरू नये. आषाढात घरातलं धान्य सरतं तेव्हा डोंगरात हिरवा पाला असतो. ज्या घराला तो मोफत मिळतो त्या घराचं किराणा उधारीचं खातं थोडं लहान राहतं.

एका गोष्टीत मात्र बारीपाड्यालाही जपावं लागेल. पद्मश्रीनंतर पाहुणे वाढणार, गाड्या वाढणार, कॅमेरे वाढणार. पर्यटन गावाला पैसा देतं, तसं ते गावाला मंचही बनवतं. पाहुण्यांसाठी भाजी दाखवायची सवय लागली की घरी तीच भाजी करायची सवय सुटते, असं महाराष्ट्रातल्या काही आदर्श गावांच्या बाबतीत घडलं आहे. तिथे फलक चकचकीत आहेत आणि ग्रामसभेला कोरम नाही. स्पर्धेच्या दिवसाइतकंच लक्ष उरलेल्या दिवसांच्या राखणीवर राहायला हवं. ते गाव जाणतं. बाहेरच्यांनी त्यांना विसरायला लावू नये.

पिंपळनेरची जी मंडळं, पतसंस्था आणि बँका येत्या वर्षात पर्यावरणाचा पुरस्कार देणार असतील, त्यांनी यंदा एवढंच करून पाहावं. सभागृहाच्या आणि फ्लेक्सच्या पैशाचं पाकीट बाजूला काढावं, डोंगरातल्या कुठल्याही एका गावाला सांगून ठेवावं आणि माघ महिन्यात, कुठलीही दवंडी न देता, कडूकंदाच्या टोपल्या जिथे भिजतात त्या ओढ्यावर जाऊन उभं राहावं. पाणी वाहत असेल तर ते पाकीट तिथेच, काठावर, टोपली उचलायला आलेल्या बाईच्या हातात द्यावं.